संमेलनापर्यंतचा डोस

केशव हुंदरे भूमापन खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात त्यांनी दोन वाक्यांचं भाषण केलं. पहिल्या वाक्यात आभार, दुसऱ्यात जेवण तयार असल्याची सूचना. सगळी नोकरी बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या जमिनी मोजण्यात गेली. बांधावर सख्खे भाऊ कोयते घेऊन उभे राहिलेले त्यांनी पाहिले, पण घरी येऊन कधी कुणाची गोष्ट सांगितली नाही. बेळगावच्या खासबागेतल्या त्यांच्या गल्लीत लोक म्हणायचे, हुंदऱ्यांचा टीव्ही बंद असला की घराला कुलूप आहे असं वाटतं.

त्यामुळे ते आजारी पडले हे बरेच दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांचा चेहरा हलेनासा झाला, पण तो आधीही फारसा हलत नसे. आवाज खाली गेला, पण तो होता कुठं? चालताना उजवा हात अंगाला चिकटून राहू लागला, तेव्हा समोरच्या वकिलांना वाटलं, पेन्शन वाढल्यामुळे रुबाब आलाय. नाकाला वास येईना, याचा तर त्यांच्या बायकोला, विनोदिनीबाईंना, फायदाच झाला. सुकी मासळी भाजायला घेतली की जे गृहस्थ उठून बाहेर जाऊन बसायचे, ते आता जागचे हलत नव्हते.

मग उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासू लागली. नुसतं बसलं की सुरू. अगदी तंबाखू मळल्यासारखं.

"ह्या वयात तंबाखू सुरू केलासा व्हय?" विनोदिनीबाईंनी विचारलं आणि त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे तपासले. तंबाखू मिळाली नाही. बोटं मात्र मळतच होती.

सांबरा गावच्या मेहुण्यानं तांब्याचं कडं आणून दिलं. वकिलांनी अशक्तपणा आहे म्हणून खजूर सुचवला. कडं घालून, खजूर खाऊनही जिन्यात दोनदा तोल गेला, तेव्हा विनोदिनीबाई नवऱ्याला घेऊन डॉ. अबोली नाडगौडांकडं गेल्या. या बाई मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टर. मेहुणाही बरोबर होता, कारण डोक्याचा फोटो काढायचं त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं.

अबोली मॅडमनी फोटोचं नाव काढलं नाही. त्यांनी केशवरावांना बोळातून चालवलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं. पहिल्यांदा बोटं मोठी उघडली, मग उघडझाप लहान लहान होत थांबलीच. मनगट धरून हलवून पाहिलं, तर ते गंजलेल्या चाकासारखं अडकत अडकत फिरलं. मग एक वाक्य लिहायला सांगितलं. ज्या भाषेत आयुष्यभर पंचनामे लिहिले त्या कन्नडात केशवरावांनी वाक्य लिहिलं. पहिलं अक्षर जोंधळ्याएवढं होतं, शेवटचं मोहरीएवढं.

"ह्याला कंपवात म्हणतात, पार्किन्सन," मॅडम म्हणाल्या. "मेंदूत डोपामीन नावाचं एक रसायन तयार होतं. हालचालीला ते लागतं. तुमच्याकडं ते कमी पडायला लागलंय. आजार मुळातून जात नाही, पण सांभाळता येतो. पुष्कळ वर्षं चांगली जातात."

"फोटो न काढताच?" मेहुण्यानं विचारलं. त्याला फसवल्यासारखं वाटत होतं.

"फोटोत तो दिसत नाही. चालताना दिसला." मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या आणि विनोदिनीबाईंकडं वळल्या. "एक लक्षात ठेवा काकू. ही गोळी डोपामीनचं काम करते, पण काही लोकांना तिच्यामुळं एखादा नाद लागतो. जुगार, खरेदी, सारखं खाणं, बायकांचा नाद. असं काही दिसलं तर लगेच मला सांगायचं. लाजायचं नाही."

"ह्यांना?" विनोदिनीबाईंना हसू आवरेना. "अहो, ह्यांना साधा चहाचा नाद न्हाय."

गोळी लागू पडली. हात सैल झाला, जिना चढता येऊ लागला, बोटांचं तंबाखू मळणं कमी झालं. पुढच्या वेळी मॅडमनी डोस थोडा वाढवला. आणि एके दिवशी सकाळी विनोदिनीबाई दूध घ्यायला दारात गेल्या, तर केशवराव हातात पिशवी घेऊन उभे होते आणि मोठ्यानं म्हणत होते:

"दुधाची पिशवी दारात गारठली,
कोपऱ्यात कापली, चहात आटली!"

"काय झालं?" विनोदिनीबाई घाबरल्या.

"कविता झाली," केशवराव म्हणाले.

दुपारपर्यंत अजून सहा-सात झाल्या. मिक्सरवर एक, समोरच्या वकिलांच्या स्कूटरवर एक, आणि गॅसवर एक, जी पुढं बरीच गाजली: "सिलिंडर रे सिलिंडर, तुझी निळी ज्योत, तू संपतोस तेव्हाच पाहुणे असतात येत." आठवडाभरात कागद संपले. मग ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहू लागले, औषधाच्या खोक्यांवर, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला. जेवण गार व्हायचं. झोप तर संपलीच. आणि लिहिलेलं ऐकवल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. भाजीवालीला ऐकवलं, तिनं गल्ली बदलली. वकिलांना ऐकवलं, त्यांनी कोर्टात जायची वेळ बदलली.

हिंडलग्याच्या एका नातेवाइकांकडं दहाव्याला गेले, तर पिंडाला कावळा शिवेना. सगळे खोळंबलेले. केशवरावांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या कवितेच्या पहिल्या ओळीला कावळा आला आणि शिवून गेला. मयत म्हातारीचा मुलगा भरमू हात जोडून म्हणाला, "आण्णा, आता बास करा. आईनं ऐकलं."

घरात इतकं बोलणं विनोदिनीबाईंनी संसारात कधी ऐकलं नव्हतं. पहिले काही दिवस त्यांना बरं वाटलं, हे खरं. नंतर त्या न्हाणीघरात जास्त वेळ बसू लागल्या, कारण तिथं आतून कडी होती.

आता आपल्या सीमाभागात हिवाळा लागला की गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी, फेटे, मांडव, भाषणं, जेवण आणि जेवणानंतर कविसंमेलन. कवी लागतातच. सुहास मुतगेकर नावाचे एक गृहस्थ अशा एका साहित्य संघाचे चिटणीस होते आणि त्यांची दर वर्षी तीच अडचण असायची. पुण्याचा कवी गाडी मागायचा, कोल्हापूरचा मानधन मागायचा, गावातले कवी फक्त वेळ मागायचे, पण फार मागायचे. अशात त्यांना केशवरावांचा शोध लागला. हा माणूस बसनं येई, काही मागत नसे आणि सूत्रसंचालकानं गप्प बसवलं तर गप्प बसे, निदान पुढच्या चहापर्यंत.

पहिल्याच संमेलनात केशवरावांनी एक लहानशी कविता वाचली.

"हद्दीचा दगड.
इकडचा म्हणतो, तिकडं सरकव.
तिकडचा म्हणतो, इकडं.
दगड म्हणतो, मला आधी नीट पुरा,
मग भांडा."

मग मागून कुणीतरी घोषणा दिली आणि सगळा मांडव उठला. टाळ्या थांबेनात. एक म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसू लागले. केशवरावांना काही उमगेना. ते पुन्हा माइकपाशी गेले आणि म्हणाले, "तसं न्हवं. हा खानापूरकडचा एक सर्वे नंबर आहे. दोन चुलत भावांची भानगड होती."

"काय उपरोध आहे!" व्यासपीठावरून प्रा. विक्रम देसूरकर ओरडले. प्राध्यापक समीक्षक होते. तरुणपणी त्यांचा एक कवितासंग्रह निघाला होता आणि त्यानंतर त्यांनी फक्त इतरांना प्रस्तावना लिहिल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी केशवरावांना हाती घेतलं. केशवरावांचा चेहरा वाचताना हलत नाही, यात त्यांना संयम दिसला. पापण्या लवत नाहीत, यात चिंतन दिसलं. हातातला कागद थरथरतो, यात सीमावासीयांची घुसमट दिसली. आणि अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जातं, त्यावर तर त्यांनी एक अख्खा लेख लिहिला: 'मौनाकडे झुकणारी ओळ'. मेंदूच्या डॉक्टरनं ज्या खुणांवरून आजार ओळखला होता, नेमक्या त्याच खुणांवरून प्राध्यापकांनी प्रतिभा ओळखली.

त्या वर्षी निपाणी रस्त्याच्या आतल्या कुरणवाडी गावच्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून केशव हुंदऱ्यांचं नाव जाहीर झालं. फरशीचं मोठं दुकान असलेले नागेंद्रशेठ स्वागताध्यक्ष झाले. गावात कमानी लागल्या. कमानींवर केशवरावांचा फोटो लहान आणि नागेंद्रशेठचा मोठा होता.

संमेलन महिनाभरावर आलं असताना तपासणीचा दिवस आला.

"काही नवीन नाद वगैरे?" अबोली मॅडमनी नेहमीप्रमाणं विचारलं.

"नाद न्हाय हो," विनोदिनीबाई म्हणाल्या. "कविता करतात फक्त."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "किती करतात?"

विनोदिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. मॅडमना आधी हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं. इकडं केशवरावांनी रक्तदाब मोजायच्या यंत्रावर दोन ओळी रचून ऐकवल्यासुद्धा.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. मेंदूत हालचालीचं रसायन आणि हौसेचं रसायन वेगळं नसतं. गोळी एकाला मदत करायला जाते आणि दुसऱ्याला भडकवते. कुणी पत्ते खेळत बसतो, कुणी गाडी खोलून जोडत बसतो, कुणी चित्रं काढतो. गोळी हळूहळू कमी करायची, एकदम बंद करायची नाही, आणि तिच्या जागी दुसरी सुरू करायची.

केशवरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी कवी न्हवं?"

"ते मला तपासता येत नाही, केशवराव. तुम्हाला थांबता येत नाही, एवढंच मला दिसतंय."

"लोक टाळ्या वाजवतात."

"वाजवत असतील. काकू किती दिवस झोपल्या नाहीत, ते बघितलंत का?"

केशवरावांनी बायकोकडं पाहिलं. खूप दिवसांनी नीट पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

ही बातमी सुहास मुतगेकरांना केशवरावांनीच दिली, आणि दोन दिवसांत साहित्य संघाचं शिष्टमंडळ दवाखान्यात हजर झालं: सुहासराव, प्राध्यापक आणि नागेंद्रशेठ. फेटा बांधायचा राहिला होता, एवढंच.

"मॅडम, आम्ही मराठी भाषेच्या वतीनं आलोय," सुहासरावांनी सुरुवात केली.

"भाषेला काय होतंय?" मॅडमनी विचारलं.

"संमेलनापर्यंत डोस कमी करू नका. तेवढीच विनंती. अध्यक्षीय भाषण व्हायचंय, समारोपाची कविता व्हायचीय. पत्रिका छापून झाल्या."

"जमलं तर जरा वाढवा," नागेंद्रशेठ म्हणाले. "गोळीचा खर्च आम्ही करतो."

"पेशंटविषयी मी तुमच्याशी बोलणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण एक विचारते. त्यांना त्रास होतोय हे तुम्हाला माहीत आहे?"

"कलावंताला त्रास हा असतोच," प्राध्यापक म्हणाले.

"त्यांच्या बायकोला पण असतो का?"

यावर तिघांचंही एकमत झालं की, असतो. थोर माणसांच्या बायकांची दोन-तीन उदाहरणंही प्राध्यापकांनी दिली.

मॅडमनी बाहेरच्या बाईंना पुढचा पेशंट आत पाठवायला सांगितलं. सुहासराव आणि नागेंद्रशेठ उठून गेले. प्राध्यापक मात्र दारातून परत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, ती गोळी... निरोगी माणसाला चालते का? थोडीशी?"

"तुमचा हात थरथरतो?"

"नाही. पण एकोणनव्वद सालापासून काही सुचलेलं नाही."

"सर, गोळीत कविता नसते," अबोली मॅडम शांतपणे म्हणाल्या. "गोळीनं फक्त थांबायचं कळेनासं होतं. ते तुम्हाला आधीच होतंय."

डोस कमी होत गेला. दिवसाला दहा कवितांच्या जागी चार झाल्या, मग एक, मग भाजीवाली परत गल्लीत येऊ लागली. केशवरावांना पहिल्यांदा फार उदास वाटलं. सकाळी उठल्यावर समोर मिक्सर असायचा आणि तो नुसता मिक्सर असायचा. मग एका दुपारी त्यांनी सगळे कागद, खोकी, कॅलेंडरं आणि पत्रिका खाटेवर मांडल्या आणि वाचायला बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी एक इंचही इकडं-तिकडं न करता मोजल्या होत्या. तशाच आता स्वतःच्या कविता मोजल्या.

विनोदिनीबाईंनी चहा आणला. "कशा हाईत?"

"भिकार," केशवराव म्हणाले. "ती दगडाची एक बरी आहे. बाकी सगळं घेऊन जा, बंबात घाल."

"संमेलनाचं काय?"

"जाणार. नाव छापलंय. खरं काय ते सांगून येतो."

कुरणवाडीत सकाळी ग्रंथदिंडी निघाली. ढोल, ताशे, कळशा घेतलेल्या बायका, आणि पालखीत पुस्तकांवर नागेंद्रशेठच्या दुकानाची जाहिरातपुस्तिकाही होती. अध्यक्षांना भगवा फेटा बांधला. तो त्यांना जड होत होता, पण नवीन गोळीमुळं ते बरे चालले. प्राध्यापकांनी पाऊण तास परिचय करून दिला. त्यात केशवराव एकदाच आले, बाकी प्राध्यापक होते.

मग केशवराव माइकसमोर उभे राहिले. कागद नव्हता.

"मी कवी न्हवं," ते म्हणाले. "मला कंपवात आहे. नाकाचा वास गेला, अक्षर बारीक झालं, चालताना एक हात हलेना, पाय घासत जाऊ लागला, बसलं की बोटं थरथरायची. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. त्या गोळीनं मला कविता करायचा नाद लागला. आता गोळी बदलली, नाद गेला. तुम्ही टाळ्या वाजवलासा, मला लई बरं वाटलं. आमच्या घरात मी कधी एवढं बोललो नव्हतो. पण माझ्या कविता चांगल्या न्हवत्या. तुमच्यापैकी कुणाला असं थरथरत असंल, पाय घासत असंल, तर कवितेची वाट बघू नका, डॉक्टरला दाखवा. जेवण तयार आहे असं मला सांगितलंय."

आणि ते खाली बसले.

सुहासरावांचा चेहरा पांढरा पडला. एवढ्यात प्राध्यापक उठले, माइक ओढला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "मित्रहो, 'मी कवी नव्हे' असं म्हणण्याचं धाडस फक्त थोर कवीच करू शकतो! कंपवात म्हणजे काय? या सीमाभागाचा कंप! हरवलेला वास म्हणजे मातीचा वास! घासत चाललेला पाय कुणाचा आहे, हे मी सांगायला हवं का?"

मांडव कोसळेल इतक्या टाळ्या पडल्या. केशवराव दोन वेळा उठून "न्हाय, न्हाय, खराच कंपवात" म्हणाले, पण घोषणांत कुणाला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: 'वेदना हीच माझी गोळी, संमेलनाध्यक्ष हुंदरे'. पुढं संघानं जुने कागद मागितले, तेव्हा बंब तापून गेला होता. तरी संग्रह निघालाच. आत दगडाची एक कविता होती आणि तिच्यावर प्राध्यापकांची सत्तर पानांची प्रस्तावना. तिला नागेंद्रशेठच्या नावचा पुरस्कार मिळाला, प्रस्तावनेला.

केशवराव समारंभाला गेले नाहीत. ते पुन्हा पूर्वीसारखे कमी बोलू लागले. मात्र आता संध्याकाळी चहा घेताना एखाद्या बांधाची, एखाद्या भांडणाची गोष्ट बायकोला सांगतात. साध्या बोलण्यात. विनोदिनीबाई ऐकतात आणि पुरे झालं की पुरे म्हणतात, आणि ते थांबतात.

अबोली मॅडमच्या दवाखान्यात मात्र संमेलनानंतर गर्दी वाढली. सहा-सात नवकवी आले, एक कादंबरीकार आला, एका मास्तरांनी तर बायकोच्या हातून चिठ्ठी पाठवली की, नाटकासाठी काही आहे का? बाहेरच्या बाईंना सूचना होती, प्रत्येकाला आधी एकच विचारायचं, हात थरथरतो का? नाही म्हणाला की चहा देऊन परत पाठवायचं.

त्या गर्दीत कुरणवाडीची अंबुबाई म्हणून एक म्हातारी आली. बिड्या वळणारी. तिची बोटं पानावर चालेनाशी झाली होती आणि घरातले म्हणत होते, म्हातारी आळशी झाली. मॅडमनी तिला चालवलं, बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं.

"आजी, इकडं यायचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या गावात मांडव घातलता न्हवं? मी जेवाय गेलते," अंबुबाई म्हणाली. "तितं एक फेटेवाला म्हातारा उभा ऱ्हाऊन सांगालता. वास येत न्हाय, पाय घासतोय, बोटं ऐकत न्हाईत. मी म्हटलं, ह्यो तर माझंच सांगालाय."

"बाकीच्यांना वाटलं ती कविता आहे."

"व्हय? मला कवितेतलं काय कळत न्हाय, बाई," अंबुबाई म्हणाली आणि थरथरता हात टेबलावर ठेवला. "गोळी कदी घ्यायची? जेवायच्या आदी का मागनं?"